बारा वर्षांच्या पाहुण्यांना काय खेळवावं?

पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस सोपा असतो, मैत्रिणींनो. चार फुगे, एक केक, डोक्याला कागदी टोपी, की झालं काम. खरी पंचाईत होते ती दहा ते बारा वर्षांच्या मुलांची. फुगे फोडा म्हणावं तर "आम्ही काय बालवाडीत आहोत?" असं ऐकून घ्यावं लागतं. मोकळं सोडावं तर पाचव्या मिनिटाला एका मोबाईलभोवती दहा डोकी. शिवाय या वयात मुलगे एका भिंतीला टेकून उभे आणि मुली दुसऱ्या!

आम्ही राहतो कामरगावला, कारंजा तालुक्यात. गेल्या डिसेंबरात आमच्या धाकट्याला बारावं लागलं. वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस कारंज्याला हॉटेलात झाला होता, तेव्हा घरी तोच हट्ट. ह्यांनी कागदावर हिशेब मांडला (पंधरा मुलं, जाण्यायेण्याची गाडी, माणशी ताट) आणि कागद मुकाट्यानं माझ्याकडे सरकवला. मी तो घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि पाचशे रुपयांत घरीच करायचं ठरवलं.

पण पैशांपेक्षा मला टोचत होती ती आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा मी मोठ्या हौसेनं संगीत खुर्ची लावली होती. पहिल्याच फेरीत बाद झाला तो एक बुजरा मुलगा. ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि चपलेचा पट्टा काढत-लावत तिथंच राहिला. खायच्या ताटल्या मांडल्या आणि पाहते तर पायरी रिकामी. दुसऱ्या दिवशी त्याची आई रस्त्यात भेटली. ती काही बोलली नाही, मलाही काही सुचेना. आता तुम्हीच सांगा, जो सगळ्यांत आधी हरला त्यानंच सगळ्यांत जास्त वेळ नुसतं बसून राहायचं, हा कसला खेळ? म्हणून यंदा पहिला नियम केला: बाद कुणीच होणार नाही.

खुर्च्यांऐवजी अंगणात रिकामी पोती अंथरली. दर फेरीला एक पोतं कमी करायचं, पण पोरं तेवढीच ठेवायची. शेवटच्या दोन पोत्यांवर पंधरा जणांनी एकमेकांना धरून कसंबसं मावायचं. भिंतीला टेकलेले मुलगे आणि मुली इथं आपोआप एकत्र आले, मला काही सांगावं लागलं नाही. मध्येच वीज गेली आणि गाणी बंद पडली. मी परात आणि लाटणं आणलं आणि त्या बुजऱ्या मुलाच्या हातात दिलं. हो, यंदा तोही आला होता. त्याच्या मनात येईल तेव्हा ताल थांबायचा. वीज आली तरी गाणी परत लावू दिली नाहीत पोरांनी!

पळापळीचे खेळ आधी घ्या, डिसेंबरात अंधार लवकर पडतो. लगोरीला फरशीचे सात चपटे तुकडे पुरतात. चेंडू मात्र जुन्या मोज्यात चिंध्या भरून घरीच शिवा. खिडक्यांच्या काचाही वाचतात आणि पाठीत बसला तरी रडू येत नाही.

अंधार पडला की आत घ्या. तुमच्यापैकी कुणी स्काऊट-गाईडमध्ये असाल तर ताटातल्या वस्तू आठवण्याचा खेळ ठाऊक असेल. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' कादंबरीवरून त्याला किमचा खेळ म्हणतात. कादंबरीतल्या पोरासमोर रत्नं मांडली होती. आपल्याकडे रत्नं कुठली, मी मसाल्याचा डबा उघडला. लवंग, दालचिनी, तेजपान, बटण, सेफ्टी पिन अशा वीस वस्तू ताटात ठेवल्या, मिनिटभर दाखवल्या, वर रुमाल टाकला आणि कागदावर लिहायला लावल्या. दगडफूल पंधरापैकी एकालाही ओळखता आलं नाही. याचा दोष कुणाकडे जातो ते तुम्ही जाणताच.

चिंचोक्यांचा खेळही विसरू नका. ढिगावर फुंकर मारायची आणि बाजूचा न हलवता एकेक उचलायचा. क्रिकेटच्या गप्पा मारणारे वीर इथं पटापट चुकतात.

सगळ्यांत रंगला तो मात्र आपल्या भुलाबाईतला खेळ. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायची गंमत आपण सगळ्यांनीच केली आहे. मी बोलावणं करतानाच सांगितलं होतं, "भेटवस्तू आणायची नाही. घरातला मूठभर खाऊ डब्यात बंद करून आणा, विकतचा नको." डबा कानाशी हलवायचा, दहा प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. न ओळखला गेलेला डबा जिंकला.

गंमत अशी, की या खेळात महाग वस्तूचा काही उपयोग होत नाही. एकानं नियम मोडून दुकानातली बिस्किटं आणली होती, ती तिसऱ्या प्रश्नाला ओळखली. लाडू, चिवडा, शंकरपाळे सगळे गेले. एका मुलीनं मात्र डबा ओढणीखाली धरला होता आणि तो पुढे करायला तिचा हात होईना. तिची आई शेतात मजुरीला जाते. मी तिचा डबा मुद्दाम मध्येच घेतला, शेवटी ठेवला असता तर सगळ्यांचे डोळे तिच्यावर गेले असते. गोड? नाही. तळलेलं? नाही. वाजतं? नाही. पीठ लागतं? नाही. दहा प्रश्न संपले. झाकण उघडलं तर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा! हंगाम तर ऐन तुरीचाच होता, प्रत्येकाच्या घरी त्या आठवड्यात शिजल्या असतील, पण डोक्यात कुणाच्या येतात? पोरांनी डबा तिथंच फस्त केला. एकालाही मोबाईल आठवला नाही.

खायला कच्चा चिवडा आणि गुळाचा शिरा केला. चिवड्यात कांदा-टोमॅटो आयत्या वेळी घाला, नाहीतर मुरमुरे सादळतात. बक्षीस सगळ्यांना सारखंच, एकेक पेन. औक्षणाच्या तेलवातीसकट खर्च चारशे साठ रुपये झाला.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. डबे आले की प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवा. दोन झाकणं अजून आमच्याकडेच पडून आहेत, आणि कुणाची ते पोरांनाही सांगता येत नाही.