रथसप्तमी आणि सूर्याने दिलेले छत्र

माघ शुद्ध सप्तमी ही रथसप्तमी. या दिवशी पाटावर रक्तचंदनाने सात अश्वांचा रथ रेखाटतात, अंगणात गोवऱ्यांवर दूध ऊतू घालतात आणि उगवत्या नारायणाला अर्घ्य देतात. परुळ्याचा आदिनारायण आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळीचा कनकादित्य ही तर आपल्या किनाऱ्यावरची सूर्याची स्थानेच. अशा सणाला उन्हापासून त्वचा कशी राखावी हा विषय काढणे काही वाचकांना विपरीत वाटेल. महाभारताचे अनुशासनपर्व ज्यांनी वाचले आहे, त्यांना तसे वाटू नये.

श्राद्धात छत्री व पादत्राणे का द्यावीत, असे युधिष्ठिराने विचारले तेव्हा भीष्मांनी एक कथा सांगितली. जमदग्नी ऋषी क्रीडा म्हणून बाण सोडीत होते आणि रेणुकामाता ते वेचून आणीत होत्या. ज्येष्ठातले ऊन. मस्तक तापले, पाय पोळले, म्हणून त्या क्षणभर झाडाच्या सावलीत थांबल्या. विलंबाचे कारण कळताच ऋषींनी बाण सूर्यावरच रोखला. तेव्हा सूर्यनारायण ब्राह्मणाच्या रूपाने आले, ऋषींना शरण गेले आणि छत्री व पादत्राणे त्यांनी स्वहस्ते दिली. उत्तररंगात हे आख्यान लावताना मी श्रोत्यांना मुद्दाम विचारतो, की छत्री दिली कोणी? प्रत्यक्ष सूर्यानेच! परशुरामांच्या मातोश्रींसाठी आलेली ही देणगी परशुरामाच्या भूमीत तरी कोणी कमीपणाची मानू नये.

रथसप्तमीनंतर ऊन चढू लागते, आणि आपल्याकडे यात्रांचे दिवस हेच. महाशिवरात्रीला कुणकेश्वर, देवीचा कौल होऊन ठरेल त्या दिवशी आंगणेवाडीची भराडीआई. भाविक तासन्‌तास रांगेत तिष्ठतात. समुद्रकाठी तर ऊन वरून येते तसे पांढऱ्या वाळूवरून आणि पाण्यावरून उसळूनही येते. त्यात खारा वारा गार लागतो, म्हणून चटका बसल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. उन्हातील अतिनील किरण दोन प्रकारचे. एक कातडी भाजतात. दुसरे खोलवर जाऊन सुरकुत्या व डाग आणतात, आणि ते ढगांतून व काचेतूनही येतात. आपल्या सावळ्या वर्णातील रंगद्रव्य पुष्कळसे रक्षण करते, गोऱ्या लोकांच्या मानाने त्वचेचा कर्करोग आपल्याकडे फार कमी आढळतो, हे खरे. तथापि वांग, काळे चट्टे आणि उन्हाची ॲलर्जी आपल्यालाही सुटलेली नाही. गोरे करण्याचे आमिष दाखविणाऱ्या मलमांचा मात्र येथे काही संबंध नाही. सावळ्या विठ्ठलापुढे मस्तक ठेवणाऱ्याला त्या आमिषाची गरज ती काय?

छत्री, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती वस्त्र आणि सकाळी दहा ते दुपारी चार सावली, हे पहिले उपाय. स्वतःची सावली आपल्यापेक्षा आखूड पडू लागली की ऊन कडक झाले असे समजावे. जे अंग उघडे राहते त्याच्यासाठी सनस्क्रीन. चंदनाची उटी शीतल खरी, पण उन्हापासून रक्षणाची भिस्त तिच्यावर ठेवता येत नाही.

घेताना नळीवर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक आणि दोन्ही प्रकारच्या किरणांपासून रक्षण असे लिहिलेले पाहावे. ३० अंकाचे मलम भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडविते, ५० अंकाचे सुमारे ९८ टक्के. तेव्हा मोठ्या अंकासाठी दुप्पट पैसे मोजण्यात फारसे हशील नाही. दुसऱ्या प्रकारच्या किरणांसाठी ‘पी.ए.’ या अक्षरांपुढील अधिक चिन्हे मोजावीत. जितकी अधिक, तितके रक्षण जास्त. नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइडचे मलम सहसा मानवते. हे झिंक म्हणजे आपले यशद; रसकापासून ते काढण्याची कृती रसरत्नसमुच्चयात वर्णिलेली आहे.

खरी चूक होते ती मात्रेत. गंधासारखा टिळा लावून भागत नाही. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहरा व मानेला लागतात; कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग विसरू नये, कारण देवळाच्या आवारात पाय उघडेच असतात. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे, घाम आल्यावर किंवा समुद्रस्नानानंतर लगेच लावावे. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्याला मलम न लावता सावलीतच ठेवावे. डाग वाढत असेल, रंग किंवा आकार बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. रथसप्तमीचे अर्घ्य आणि सूर्यनमस्कार उगवतीचे असतात. त्या कोवळ्या उन्हाला भिण्याचे कारण नाही.

मालवणात उतरणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. येथील समुद्रात प्रवाळ आहे आणि १९८७ सालापासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य प्रवाळाला अपायकारक असल्याचे प्रयोगांत दिसले, म्हणून हवाई बेटांवर अशा मलमांची विक्री २०२१ पासून बंद झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून प्रवाळ पाहणाऱ्यांनी ते द्रव्य नसलेले मलम निवडावे, अथवा मलमाऐवजी अंगभर पोहण्याचा पोशाख घालावा. आणि नळी होडीच्या फळीवर उन्हात टाकून ठेवू नये. तापल्याने आतले औषध निकामी होते.