धुराचीही पैसेवारी

शेगावहून आगगाडीने अकोल्याकडे निघाले की वाटेत पारस लागते. बाळापूर तालुक्यातले हे गाव साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे ते विजेमुळे. तेथले जुने संच बंद झाले. आता २५० मेगावॅटचे दोन आहेत. ते पूर्ण ताकदीने चोवीस तास चालले, तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेत जातो. दिवसाचे झाले १२ हजार टन!

बंधु-भगिनींनो, वीस वर्षांनी देशाचा हा वायू किती असेल, हे शास्त्रज्ञ आजच कसे सांगतात? अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडतात, तसा हा प्रकार नव्हे. याची जात पैसेवारीची. आधी नजर, मग सुधारित, शेवटी अंतिम. अंदाज बदलला म्हणून कोणी खोटा ठरत नाही.

हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. देशाचे उत्पन्न दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले, तर ते १२ वर्षांत दुप्पट होते. उत्पन्नाच्या दर रुपयामागचा वायू तेवढाच राहिला, तर वायूही दुप्पट. पण तो घटतो आहे. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणे २००५ ते २०२० या काळात रुपयामागचा वायू ३६ टक्क्यांनी घटला; वर्षाला जवळजवळ ३ टक्के. सहातून तीन गेले, उरले तीन. म्हणजे त्याच चालीने एकूण वायू वाढतच राहणार आणि २४-२५ वर्षांत दुप्पट होणार! ‘घटला’ हा शब्द वाचून पुष्कळांची गफलत होते ती इथेच. निव्वळ वायू २०७० पर्यंत शून्यावर आणू, असे भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केले. त्यासाठी ही उतरण वाढीपेक्षा वेगाची हवी.

ती वाढवायला ऊन कामी येते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चारेक युनिट वीज घेतो. आठ तास चालला, तर कोळशाच्या विजेवर ३२ किलो वायू. उन्हावर चालताना काहीच नाही. २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. तीत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत रात्री मळ्यात जाणे टळते, हा फायदा घरच्या बाईमाणसाला अधिक कळतो.

पण कागदावरच्या अंदाजात न दिसणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे. बाळापूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. ऊन फुकट म्हणून दिवसभर खारे पाणी उपसले, तर काळी जमीन चोपण होते आणि उत्पन्न वाढण्याऐवजी बसते. तेव्हा पंपाचा अर्ज भरण्याआधी विहिरीचे पाणी आणि शेतातली माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी खारे निघाले, तर शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून पंप त्यावर चालवता येतो.