लाल शाईचा गोल

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी मी मराठी शिकवत होतो. सहावीच्या मुलांना 'आमचे शेत' हा निबंध दिला होता. एका मुलाने 'काळी माती'ऐवजी 'कायी माती' लिहिलं होतं, 'पाणी'चं 'पानी' केलं होतं. मी लाल शाईने प्रत्येक शब्दाला गोल केला. त्याने मुकाट्याने वही घेतली.

पुढच्याच आठवड्यात बहिणाबाई चौधरींची कविता आली. मी ती रंगून वाचून दाखवली. तो मुलगा उभा राहिला नि म्हणाला, "सर, यायची बोली बी आमच्यासारखीच हाये. मंग यायचं बरोबर कसं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न झालं, तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं. अक्षरओळख नव्हती. पण पेरणी, कापणी, मळणी, सुगरणीचा खोपा, सगळं डोळ्यांत साठलेलं. मन आवरत नाही, हे सांगायला त्यांना उभ्या पिकात शिरणारं ढोर पुरलं. आणि हे सगळं शिकवलं कुणी? तर आपल्याला सरस्वतीनंच बोली शिकवली, असं त्या गाण्यातून सांगतात. ज्या बाईला शाळेची पायरी ठाऊक नाही, तिची विद्येच्या देवतेवर केवढी ही श्रद्धा! ती देवता त्यांना देव्हाऱ्यात नव्हे, हातातल्या कामात भेटली.

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटाचा फेरा हीच ओवीची लय. हात दाणे घालतो, दगड फिरतो आणि शब्द त्या तालावर येतात. पीठ खाऊन संपतं, ओवीही हवेत विरते. बहिणाबाईंची गाणी उरली, कारण त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या आसपास ओव्या गोळा केल्या. म्हणजे प्रतिभा दुर्मिळ नव्हती, ऐकणारा दुर्मिळ होता.

माझी आईही पहाटे दळताना गायची. मी शेजारीच कंदिलाशी बसून व्याकरण पाठ करायचो. तिची एकही ओवी मी टिपून घेतली नाही. आज आठवू म्हटलं तर फक्त घरघर आठवते.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "तुझंही बरोबर आहे. परीक्षेत 'काळी' लिही, कारण ते दूरच्या माणसालाही कळायला हवं. पण 'कायी' विसरू नकोस, ती तुझ्या घरची आहे." मग वर्गासाठी एक वेगळी वही केली. प्रत्येकाने आजीकडून एक ओवी ऐकायची आणि ती जशी म्हणेल तशीच उतरवायची. त्या वहीला लाल शाई लावायची नाही, असा नियम मी स्वतःलाच घातला.

प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे. तिच्यामुळे मुलाला गावाबाहेरची वाट सापडते. पण ती शिकवताना त्याला आईच्या बोलण्याची लाज वाटू लागली, तर आपण त्याला साक्षर केलं खरं, पण मुकंही केलं.

पहिली ओवी त्याच मुलाने आणली. वाचताना त्याचा आवाज मुळीच अडखळला नाही.