शहामृगाचे नाव, इमूचा हिशेब

महामार्गाने जाताना एखाद्या डाळिंबाच्या बागेकडेला उंच जाळीच्या कुंपणात उभा असलेला, लांब मानेचा, अंगावर वाळल्या गवताची पेंढी पांघरल्यासारखा दिसणारा तपकिरी पक्षी दृष्टीस पडला, की गाडीतील लहानथोर सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, "ते बघा, शहामृग!" बहुधा तो शहामृग नसतो, इमू असतो; आणि ही गफलत वरवर किरकोळ वाटली, तरी या परदेशी पक्ष्यांविषयी आपल्याकडे जे गैरसमज रूढ झाले आणि त्यांपायी जी घरे कर्जात बुडाली, त्या साऱ्याची सुरुवात मला तिच्यातच दिसते. पशुवैद्यक म्हणून ग्रामीण भागात काढलेल्या वर्षांत इमूविषयी मला इतके प्रश्न विचारले गेले, की त्यांतले वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून काढावीत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

दोघांना ओळखावे कसे, हा अर्थातच पहिला प्रश्न. पायांकडे पाहावे, हे त्याचे सोपे उत्तर. शहामृगाच्या पायाला दोनच बोटे असतात, इमूच्या पायाला तीन. शहामृग आफ्रिकेचा; पूर्ण वाढलेला नर अडीच मीटरांहून उंच, वजनाने शंभर ते दीडशे किलो, रंगाने काळाभोर, पंखांच्या व शेपटीच्या टोकाशी पांढरे तुरे, आणि धाव ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत. इमू ऑस्ट्रेलियाचा, उंचीला पुरुषाएवढा, वजनाने शहामृगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, धावण्यात ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात. इमूचे गळलेले पीस कुंपणाशी सापडले, तर ते उचलून अवश्य निरखावे: एकाच देठातून सारख्या लांबीच्या दोन काड्या निघालेल्या दिसतात, त्यांचे तंतू एकमेकांत गुंतत नाहीत, आणि म्हणूनच त्या पक्ष्याच्या अंगावर पिसारा नसून केस लोंबत असल्याचा भास होतो.

नावाचीही एक हकीकत आहे. फारसीत शहामृगाला शुतुरमुर्ग म्हणतात. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. आपल्या शब्दातला 'मृग' हा हरिणाचा नव्हे, तर या मुर्गाचेच मराठी वळण आहे. लिनिअसने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा त्यानेही उंटाचीच उपमा कायम ठेवली. ज्या पक्ष्याचे नावही आपण परमुलुखातून उसने घेतले, तो या भूमीला सर्वस्वी अपरिचित असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु खरी गोष्ट याच्या उलट आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, आणि त्यांतील एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या छेदरेषांची जाळी कोरलेली आढळली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची ही नक्षी आहे. कवचाचे बारीक मणी करून, त्यांना भोके पाडून ते ओवण्याची कलाही त्या लोकांना अवगत होती. पुढे २०१७ मध्ये राजस्थान व मध्य प्रदेशातील अशाच कवचांतून प्राचीन जनुकद्रव्य वेगळे काढून शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की ही अंडी आफ्रिकेत आज हिंडणाऱ्या शहामृगाच्याच जातीची होती. खानदेशच्या माळावर शहामृग धावत होते आणि कोणा माणसाने त्यांच्या अंड्यावर चिवटपणे रेघा ओढल्या होत्या, ही कल्पना मला आजही थरारून सोडते. इमूशी मात्र आपले असे कोणतेही पूर्वापार नाते नाही. तो आला तो थेट करारनाम्याच्या कागदावर बसून.

शहामृग संकट दिसताच वाळूत डोके खुपसतो, हे खरे का? नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले, की हा पक्षी झुडपात मान घातली म्हणजे आपले सारे शरीर लपले असे मानतो. आणि त्या विधानाला पिढ्यान्‌पिढ्या पाय फुटत गेले. प्रत्यक्षात शहामृगाचे घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा. अंडी सर्व बाजूंनी सारखी उबावीत म्हणून तो चोचीने ती वेळोवेळी फिरवतो, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला डोके जमिनीत गेलेले दिसते. शिवाय घरट्यावर बसलेला असताना धोका जाणवला, तर तो मान लांब करून भुईसरपट टेकवतो, आणि तापलेल्या माळावरच्या थरथरत्या हवेत त्याचे उरलेले शरीर मातीच्या ढिगासारखे भासते. भूचर प्राण्यांत ज्याचे डोळे सर्वांत मोठे, सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचे, त्याने न पाहण्याचे सोंग करावे, हे कसे शक्य आहे? रात्री काळा नर आणि दिवसा मातकट रंगाची मादी अशी अंडी उबवण्याची वाटणी या जोडप्याने केलेली असते. कवी मंडळींनी या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे होते.

इमूच्या घरी वाटणीच नाही. मादी गर्द हिरवी, जवळजवळ काळपट दिसणारी, अर्ध्या किलोहून जड अंडी घालते आणि निघून जाते. तिच्या गळ्यातील पिशवीतून घुमणारा नगाऱ्यासारखा आवाज तेवढा रात्री दूरवर ऐकू येतो. पुढचे सुमारे आठ आठवडे नर त्या अंड्यांवर बसून राहतो. या काळात तो खातपीत नाही म्हटले तरी चालेल. अंगावर साठवलेल्या चरबीवर जगतो, दिवसातून अनेक वेळा उठून अंडी फिरवतो आणि पुन्हा बसतो. पिले बाहेर पडेपर्यंत त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा झडलेला असतो. अंगावर पट्टे असलेली ती पिले मग कित्येक महिने त्याच्याच मागे फिरतात. मोरापेक्षाही अधिक वात्सल्याने सांगण्यासारखी ही कथा. पण इमूचे तेल सांध्यांना किती गुणकारी, याची पत्रके जेवढी वाटली गेली, त्याच्या शतांशानेही ती कोणी सांगितली नाही.

तरुण मंडळी हल्ली ऑस्ट्रेलियाने इमूंशी पुकारलेल्या युद्धाविषयी विचारतात. ते घडले ते असे, की पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या; मंदीत गव्हाचे भाव कोसळले, आणि त्यातच १९३२ मध्ये कॅम्पियनच्या परिसरात सुमारे वीस हजार इमू पिकांत उतरले. नोव्हेंबरात मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार काडतुसे पाठवण्यात आली. परंतु गोळीबार होताच पक्षी लहान लहान टोळ्यांत विखुरत, आणि महिन्याभराच्या खटाटोपानंतर मोहीम मागे घ्यावी लागली. शेवटी टिकला तो उपाय साधा होता, मजबूत कुंपणाचा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कारण माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याला पाटण्याच्या मण्यांशी कर्तव्य नसे. तो विचारी: मादी वर्षाला अंडी किती घालते, पिलांना मका किती आणि सोयापेंड किती, लसूणघास चालेल का, रोग कोणते येतात? या सर्वांची उत्तरे मला ठाऊक होती आणि ती मी मनापासून दिली. घेणार कोण, हे त्याने विचारले नाही; आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण होऊन द्यायला हवे होते, ही टोचणी मला आजही आहे. कारण त्या प्रश्नाचे उत्तर जगाच्या इतिहासात पूर्वीच लिहिले गेले होते.

दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्न नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसे मिरवू लागली. १८६९ मध्ये आर्थर डग्लस याने शहामृगाची अंडी उबवणारे यंत्र सिद्ध केले, तारेचे कुंपण आणि लसूणघास यांची जोड मिळाली, आणि त्या कोरड्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी धान्य सोडून पक्षी पाळले. पक्षी मारावा लागत नसे. ठरावीक महिन्यांनी पीस देठाशी छाटून घ्यायचे, की नवे उगवे. विसाव्या शतकाच्या आरंभी सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल त्या देशाच्या निर्यातीत पिसांचा क्रम लागत असे, आणि पिसांच्या पैशातून उभे राहिलेले दगडी वाडे त्या गावात आजही पाहायला मिळतात. मग १९१४ साल उजाडले. महायुद्ध पेटले, उघड्या मोटारींतून प्रवास करणाऱ्या स्त्रियांना रुंद, पिसांच्या टोप्या गैरसोयीच्या होऊ लागल्या होत्याच, मालाचा साठा मागणीच्या पलीकडे गेला होता, आणि बघता बघता बाजार बसला. लाखोंनी असलेले पक्षी दीड-दोन दशकांत काही हजारांवर आले, शेतकऱ्यांचे दिवाळे निघाले. त्या गावात हा धंदा कालांतराने सावरला, पण कसा? १९४५ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, पुढे कत्तलखाना आणि कातडी कमावण्याचा कारखाना उभारला, आणि पीस, मांस, चामडे या तिन्हींना गिऱ्हाईक शोधले. त्यात कित्येक वर्षे गेली.

आपल्याकडे इमू आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस आंध्रमार्गे, आणि पुढच्या दशकात तो महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत पसरला. कंपनीचा माणूस दारी येई, पिलांची जोडी देई, त्यांच्या पिलांच्या पुनर्खरेदीची लेखी हमी देई. शेतकरी त्याला 'बायबॅक' म्हणत. सातबारा तारण ठेवून कर्ज निघे. दाखवायला छायाचित्रे असत ती शहामृगाच्या चामड्याच्या पाकिटांची, आणि शहामृग व इमू यांत भेद न करणाऱ्या आपल्या नजरेला त्यात काही खटकत नसे. हिशेब मात्र कोणीही पाटीवर मांडून पाहावा असा होता. एका जोडीची दहा पिले जगली, तर पाच जोड्या झाल्या. त्या वयात आल्यावर पाचांच्या पंचवीस, पंचवीसांच्या सव्वाशे. मांसाला हॉटेल नाही, चरबी गाळायला कारखाना नाही, कातडे कमावायला जागा नाही, अशा स्थितीत या सव्वाशे जोड्यांना एकच गिऱ्हाईक उरते, आणि ते म्हणजे इमू पाळू इच्छिणारा पुढचा शेतकरी. ज्या दिवशी पुढचा शेतकरी मिळेनासा झाला, त्या दिवशी सारा डोलारा कोसळणार हे निश्चित होते. २०१२ मध्ये तमिळनाडूतील पेरुंदुराई येथील अशा कंपन्या बुडाल्या, हजारो ठेवीदार फिर्यादी घेऊन पोलिसांकडे गेले. आपल्याकडेही त्याच सुमारास फोन लागेनासे झाले, कार्यालयांना कुलपे लागली. शेतकऱ्याच्या दारात उरला तो रोज खाणारा, वीस वर्षांहून अधिक जगू शकणारा पक्षी.

तेव्हा मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: जंगलात सोडून दिले तर चालेल का? कदापि नाही. उपासमारीत पडेल अशा रीतीने कोणतेही जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कुंपणात वाढलेला तो पक्षी आपल्या रानात पाण्यावाचून वा कुत्र्यांच्या तोंडी मरतो. इमू पाळायला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही, कारण तो भारतीय वन्य प्राणी नाही. उलट आपल्या रानातला मोर, तितर किंवा साधा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या त्या कायद्याने अपराध ठरतो, हे सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. परदेशी मकॉ आणि आफ्रिकेचा राखाडी पोपट यांसारख्या जाती २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीच्या कक्षेत आल्या आहेत. हौस असेल त्याने आधी कागदपत्रे पाहावीत.

मागच्या माघात मी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. पन्नास पक्ष्यांपैकी त्यांच्याकडे आता चार उरले आहेत. उबवणी यंत्र भंगारात गेले, त्यामुळे यंदा अंडी कुंपणातच राहिली आणि नर आपणहून त्यांवर बसला. बाजूला घरंगळलेले एक अंडे आबांनी माझ्या हातात दिले: गर्द हिरवे, खरखरीत, थंड आणि हाताला चांगलेच जड.

"पिलं निघाली तर घेणार कोण, भाऊ?" ते म्हणाले.

"मग अंडी काढून का नाही घेतलीत, आबा?"

"महिना झाला बसलाय. समोर पाण्याची पाटी ठेवतो, पण तोंड लावत नाही त्याला. आता कसं उठवायचं?"

ऊन सरकत सरकत त्या नराच्या पाठीवर आले होते. आबांनी कुंपणावर वाळत घातलेले गोणपाट काढले, आवाज न करता आत गेले आणि दोन खुंट्यांना बांधून त्याच्यावर सावली धरली.