इंजिन मख्खन, गाडी कंडम

"इंजिन एकदम मख्खन आहे. खाली थोडा गंज आहे, पण तो काय, पत्रा मारून घेऊ." ब्रिटनमधली आपली मराठी मंडळी स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघाली की हे वाक्य ठरलेलं. गाडीही बहुतेक वेळा ठरलेली: माझ्दा एमएक्स-५, १९८९ ते २००५ या काळातल्या पहिल्या दोन पिढ्यांपैकी कुठलीतरी. गाडीच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. दोनच सीट, वजनाला हलकी, ताकद मागच्या चाकांना, छत हाताने मागे टाकता येतं, सुटे भाग अजून मिळतात आणि पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन शिकायला इतकी साधी गाडी दुसरी शोधावी लागेल. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. या गाडीत इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करायची आणि गंजाची सगळ्यात आधी. आपले लोक नेमकं उलटं करतात.

सवय कुठून लागली ते उघड आहे. पुण्या-नाशकात जुनी गाडी बघताना आपण बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून धूर येतो का बघतो, ओळखीच्या मेकॅनिकला कान लावायला सांगतो. कोरड्या हवेत ते ठीकच आहे; तिथे पत्र्याआधी इंजिन दमतं. अलिबाग-रत्नागिरीकडच्या माणसाला मात्र खारी हवा पत्र्याचं काय करते ते वेगळं सांगावं लागत नाही. ब्रिटनमध्ये ही खारी हवा थेट रस्त्यावर ओततात. बर्फ धरू नये म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर खाणीतलं मीठ टाकलं जातं, त्यातलं बरंचसं चेशर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. पंचवीस-तीस हिवाळे ते मिठाचं पाणी गाडीच्या पोटाला लागत आलेलं असतं.

त्यात एमएक्स-५ची स्वतःची एक खोड आहे. कापडी छतावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून मागच्या चाकांच्या पुढे, खाली निघून जातं. म्हणजे जायला हवं. नळीत पाला अडकला की पाणी तुंबतं आणि दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीत शिरतं. या पेटीला सिल म्हणतात. ती आतून सडत येते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतले थर गेलेले असतात, त्यामुळे "थोडा गंज" हे शब्दच फसवे. नाण्याएवढं भोक दिसलं तर आत हातभर पत्रा कापावा लागेल असं धरून चाला. १९९८नंतरच्या दुसऱ्या पिढीत याच्या जोडीला पुढच्या चॅसी रेल सडतात. त्या दुपदरी असल्याने तिथेही आधी आतलाच भाग जातो.

"पण सिल सडली म्हणून काय झालं, इंजिन तर चालतंय!" हेही ऐकावं लागतं. अहो, या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. वर पक्कं छत नाही, त्यामुळे गाडी मधून वाकू न देण्याचं बरंचसं काम या सिलवरच येतं. ती गेली की उरतं ते फक्त सुरेल वाजणारं इंजिन.

आणि "पत्रा मारून घेऊ"? तिथे एमओटी आडवी येते. तीन वर्षांवरच्या गाड्यांना दर वर्षी द्यावी लागणारी ही ब्रिटनची सरकारी तपासणी. सस्पेन्शन, स्टीअरिंग, सीटबेल्ट जिथे अंगाला जोडलेले असतात त्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झालेला असेल, तर गाडी नापास होते. तिथे जोड मारायचा तर सलग वेल्डिंग लागतं. मधेमधे टाके घातलेले चालत नाहीत. लांबी भरून वर रंग मारणं ही दुरुस्ती धरलीच जात नाही. वेल्डिंगवाला तासाचे पैसे घेतो, आणि किती तास लागतील हे कापल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. नंतर रंग वेगळा. दोन्ही बाजूंच्या सिल आणि पुढच्या रेल करायच्या ठरल्या, तर ते बिल स्वस्तात घेतलेल्या गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतं.

तपासणं अवघड नाही. विकणाऱ्याकडून नंबर घ्या आणि ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर टाका. २००५पासूनचा एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. नापास होण्याच्या कारणांबरोबर तपासनिसाने दिलेल्या सूचनाही त्यात असतात. तीन वर्षं "सिलला गंज" आणि चौथ्या वर्षी काहीच नाही, असं दिसलं तर वेल्डिंगची पावती मागा. पावती नसेल तर लांबी असेल. मात्र कोरा इतिहास म्हणजे निरोगी गाडी असंही नाही. तपासनीस काही उघडून बघत नाही, प्लास्टिकच्या आवरणामागे काय आहे ते त्याला दिसत नाही. पोटाला ताजं काळं डांबरी लेपन असेल तर मी आधी संशय घेतो, कौतुक मग.

आता ते मख्खन इंजिन. थंड असताना टिकटिक वाजतं म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा ते हायड्रॉलिक टॅपेट असतात, ऑइल बदललं की पुष्कळदा गप्प बसतात. टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन गेलं, हे पोर्शे ९४४ला लागू. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५त व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. गाडी जागेवर थांबते, इतकंच. एक अपवाद लक्षात ठेवा: १९९१च्या सुमारापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे आणि त्यावरची पुली सैल होऊन डगमगू शकते. बाकी इंजिन अगदीच गेलं, तर दुसरं वापरलेलं इंजिन बसवता येतं. सिल विकत आणून रविवारी बोल्टने लावता येत नाही.

उरलेले गैरसमज झटपट.

जपानहून आयात केलेली, 'यूनोस' नावाची गाडी गंजमुक्त असते: ती आली तेव्हा असेलही. त्यानंतर तिने ब्रिटनचे किती हिवाळे काढले ते विचारा.

कमी चाललेली म्हणजे चांगली: उभ्या गाडीचे मागचे ब्रेक कॅलिपर धरतात आणि नळ्यांतला पालाही कोणी काढलेला नसतो.

जुनी म्हणजे करमुक्त: ब्रिटनमध्ये त्यासाठी चाळीस वर्षं लागतात. १९८९ सालच्या गाडीलाही एप्रिल २०३० उजाडेल.

लंडनमध्ये पेट्रोल गाडीला प्रदूषणाचा आकार नाही: आहे. युरो ४ मानकात न बसणाऱ्या पेट्रोल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, आणि ऑगस्ट २०२३पासून सगळ्या लंडनभर.

काम चालू असेपर्यंत घरासमोर रस्त्यावर उभी करू: रस्त्यावर नसल्याचं जाहीर करून कर थांबवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी जागा शोधावी, मग गाडी.

परत जाताना भारतात नेऊ: वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. विषय संपला.

दुरुस्त करून नफ्यात विकू: तुमच्या श्रमाचे तास शून्य धरले तरी हे गणित क्वचितच जमतं. शिकण्यासाठी घ्या, चालवण्यासाठी घ्या.

तेव्हा बघायला जाताना टॉर्च आणि जुनी चटई बरोबर न्या, बॉनेट उघडण्याआधी खाली आडवे व्हा, आणि विकणारा गाडी उचलून पोट बघू देत नसेल तर चहा पिऊन निघा. एप्रिल २०१६मध्येच माझ्दाने दहा लाखावी एमएक्स-५ बनवली. गाड्यांचा तुटवडा नाही.