बाबांचा डबा आणि स्पीकरची एकच जोडी

यंदा आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवं, असं विचारलं तर म्हणाली, "साडी नको. त्यांचं हळदीचं गाणं ऐकवा. पूर्ण, वाजपासकट."

'त्यांचं' म्हणजे बाबांचं. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. उधना-जळगाव लाइनवरच्या चलथाणला बाबा साखर कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. दिवसा कारखाना, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. ते कीबोर्ड वाजवायचे आणि अहिराणी लग्नगीतं गायचे. घरात सराव रात्री करायचे, तोही हेडफोन लावून, आम्ही झोपलेले असायचो म्हणून. चूक कुठे होते ते कळावं म्हणून समोर टेपरेकॉर्डर चालू. त्यामुळे कॅसेटवर फक्त त्यांचा गळा आहे, आणि मागे पंख्याची घरघर. वाद्यं हेडफोनमध्येच राहिली.

पण वाद्यं हरवली नव्हती. ती एका फ्लॉपीत होती आणि शोकेसवरच्या काळ्या डब्यात होती. घरात सगळे त्याला 'बाबांचा डबा' म्हणतात. खरं नाव साउंड मॉड्यूल.

तुमच्यापैकी जे फोनवरच गाणी बनवतात, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्लॉपीतली फाइल मिडी होती, आणि मिडीत आवाज नसतोच. असतात त्या सूचना: अमुक सूर, इतक्या जोरात, आता सुरू, आता बंद. वाजवणारा वेगळा. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले, तेव्हापासून ही भाषा सगळ्या वाद्यांची झाली. सेकंदाला फक्त ३१,२५० बिट. चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाने साठवायला सुमारे ४२ एमबी लागतात. मिडीत तेच काही केबीत मावतं. म्हणून तर १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर बाबांचा अख्खा लग्नाचा कार्यक्रम होता.

१९९१मध्ये जनरल मिडी आलं आणि १२८ वाद्यांचे क्रमांक ठरले. त्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर सनई. ढोलक मात्र नाही. ती बाबांनी दहाव्या चॅनलवरच्या काँगो-बाँगोंवर भागवली होती, आणि इतकी बेमालूम की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. हीच फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या सिंथवर लावली तेव्हा काँगो पत्र्याच्या डब्यासारखे वाजले. आई लगेच म्हणाली, "हे त्यांचं नाही." तिचं बरोबर होतं. सूचना त्याच, पण वाजवणारा दुसरा.

तर गळा कॉम्प्युटरमधून यायचा, वाद्यं डब्यातून. कॉम्प्युटरमधून डब्याकडे यूएसबी-मिडी वायर गेली. त्या वायरीतून सूचना जातात, आवाज नाही. डब्याचा आवाज त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून निघतो, कॉम्प्युटरचा हिरव्या भोकातून. आणि स्पीकरची जोडी एकच, तिला इनपुटही एकच.

सुरतेच्या एका दुकानदाराने सरळ उपाय दिला: वाय आकाराची वायर. दोन्ही आवाज एकत्र करा, स्पीकरला द्या. लावली. वाजलं, पण दोन्ही आवाज दबलेले आणि फाटके. डबा बंद केला तर कॉम्प्युटरचा आवाजही जवळजवळ गेला!

कारण चलथाणच्या कोणत्याही घरात समजेल असं आहे. बोअरची मोटर आणि बाहेरची लाइन एकाच पाइपाला थेट जोडा. एका बाजूने आलेलं पाणी टाकीत चढण्याऐवजी दुसऱ्या बाजूला निघून जातं. इथे तसंच. स्पीकरचं इनपुट साधारण १०,००० ओमचं, म्हणजे अरुंद वाट. समोरच्या यंत्राचं आउटपुट काहीशे ओमचं किंवा त्याहूनही कमी, म्हणजे हमरस्ता. सिग्नल हमरस्त्याने जातो. वाय वायर एका आवाजाचे दोन स्पीकर करायला ठीक. दोन आवाज एक करायला नाही. प्रत्येक वाटेत हजार ते दहा हजार ओमचा रेझिस्टर घातला, स्टिरिओसाठी एकूण चार, तर काम चालतं. आवाज थोडा पडतो, पण यंत्रं एकमेकांशी भांडत नाहीत.

पुतण्या म्हणाला, "काका, डब्याचा आवाज कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घाला ना." तोही मार्ग खरा आहे. लॅपटॉपवर मात्र निळं भोक नसतं; असतं ते माइकचं, एका चॅनलचं आणि फार संवेदनशील. जुन्या डेस्कटॉपवर करून पाहिलं. पण तिथे डब्याचा आवाज आधी आकड्यांत बदलतो, रांगेत थांबतो, मग परत आवाज होतो. हवेत आवाज १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटर जातो; आमची ढोलक जणू गल्लीच्या टोकावरून येत होती. काही मॉड्यूलना मागे ऑडिओ इनपुट असतं. तसं असेल तर कॉम्प्युटरचा आवाज डब्यात घालायचा, डब्याचं आउटपुट स्पीकरला, विषय संपला. आपल्या डब्याची मागची बाजू आधी बघा. आमच्याला ते नव्हतं.

शेवटी छोटा मिक्सर आणला. हे आधीच करायला हवं होतं, पण घरात मोठ्याचं कोण ऐकतं, आणि मोठा मीच होतो.

मिक्सर लावला आणि घूंऽऽ सुरू झालं. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. तीन पिनांची दोन यंत्रं, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या बोर्डातून, वर ऑडिओच्या वायरीनेही ती एकमेकांना जोडलेली: एक गोल तयार होतो आणि त्यात ५० हर्ट्‌झची वीज गुणगुणते. मिडीच्या वायरीतून हे होत नाही, कारण मिडीच्या इनपुटला सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचतो, थेट तारेने नाही. सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं, घरघर कमी झाली. उरलेली कॉम्प्युटर आणि मिक्सरमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकल्यावर गेली.

गणपतीच्या मांडवात मी पाहिलंय, घूं आलं की कुणीतरी पक्कड घेऊन अर्थिंगची पिनच तोडतो. घूं जातं, खरंय. पण पावसात ओल्या हातात माइक धरणाऱ्या मुलाला वाचवणारी तीच पिन असते. असं करणाऱ्याच्या हातातून पक्कड काढून घ्या, मग तो वयाने मोठा का असेना.

आता दोन्ही आवाज स्वच्छ, पण गाणं जुळेना. बाबांचा टेपरेकॉर्डर आणि माझा, दोघांची चाल वेगळी. गळा किंचित वर आणि किंचित घाईत येत होता. गळ्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून डब्याचा मास्टर ट्यून वर नेला आणि फाइलची लय वाढवली. तरी गळा तोळाभर मागे. कॉम्प्युटरचा आवाज बफरमध्ये थांबून निघतो, मिडीच्या सूचना आधी पोचतात. सॉफ्टवेअरमध्ये मिडी थोडी उशिरा सरकवली. किती, याचं गणित करत बसलो नाही. पुतण्या सरकवत गेला, मी डोळे मिटून ऐकत गेलो. रात्री दीडला सनई आणि गळा एकत्र समेवर आले. दोघंही काही बोललो नाही.

वाढदिवसाला घर भरलेलं. आई स्पीकरच्या समोर नाही, बाजूला बसली, पूर्वी बसायची तशी. सनई सुरू झाली, मग गळा आला. पहिल्या कडव्यापर्यंत ती गप्प. मग शेजारच्या मावशींना हळूच म्हणाली, "हाऊ आवाज त्यासनाच शे."

गाणं संपलं तेव्हा पुतण्याने उत्साहाने विचारलं, "आजी, पंख्याची घरघर काढून टाकू? येते मला."

"राहू दे. पंखा आपल्या जुन्या घरातला आहे." मग जरा थांबून, "ढोलक मोठी झालीये पण. ते गळ्याच्या वर कधी जाऊ द्यायचे नाहीत."

मिक्सरवरून डब्याचा आवाज कमी केला तर सनईही जाणार होती. पुतण्याने फाइलमधला फक्त दहावा चॅनल खाली घेतला आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.