घोड्याची चाल आणि बालकाचें पाऊल

ज्याची मांड पक्की तोच खरा स्वार, अशी आपल्या महाराष्ट्रांतील जुनी समजूत आहे. परंतु ज्या बालकास धड बसतांही येत नाहीं, त्याच्या शरीरास तोल शिकविण्याच्या कामींही घोडा उपयोगी पडतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. या उपचाराची थोडी माहिती आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. जन्मापूर्वीं, जन्मसमयीं किंवा जन्मानंतर लवकरच, मेंदूची वाढ चालू असतांना त्यास इजा पोहोंचली म्हणजे हा विकार जडतो. इंग्लंडांतील डॉक्टर विल्यम जॉन लिट्ल यांनीं एकोणिसाव्या शतकांत त्याचें सविस्तर वर्णन केलें, म्हणून त्यास पूर्वीं ‘लिट्लचा रोग’ म्हणत. हातापायांस हुकूम देणारा मेंदूच दुखावल्यामुळें स्नायू ताठरतात, मांड्या एकमेकींस चिकटतात व धडाचा तोल राहत नाहीं. मेंदूची ही इजा पुढें वाढत नाहीं, पण भरूनही येत नाहीं. हा विकार सांसर्गिक नाहीं, आणि कोणाच्या पापाचें फळ तर मुळींच नाहीं. यांपैकीं पुष्कळ मुलांची बुद्धि शाबूत असते. केवळ जीभ वळत नाहीं म्हणून लोक त्यांस मंदबुद्धि समजतात, हा मोठा अन्याय होय.

आतां घोडा काय करितो तें पाहूं. तो संथ चालूं लागला म्हणजे त्याची पाठ मागेंपुढें, वरखालीं व दोहों बाजूंस अशी एकाच वेळीं हलते. माणूस चालत असतां त्याच्या कमरेची हालचालही बरीचशी अशीच होते. त्यामुळें जें मूल आपल्या पायांनीं कधीं चाललें नाहीं, त्याच्या कमरेस चालण्याचा अनुभव मिळतो. पावलागणिक तोल किंचित् ढळतो व मुलास तो सांवरावा लागतो. घोडा मिनिटास सुमारें १०० पावलें टाकतो. अर्थात् वीस मिनिटांत तोल सांवरण्याचे दोन हजार धडे झाले! शिवाय घोड्याचें अंग आपल्याहून किंचित् ऊबदार असतें. त्या उबेनें व पाय फांकून बसल्यानें ताठ मांड्या सैल पडूं लागतात.

कोणी म्हणेल, मग मुलास पिंपावर बसविलें तर काय वाईट? अमेरिकेंतील संशोधकांनीं हेंच करून पाहिलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत १५ मुलें होतीं. कांहींस आठ मिनिटें चालत्या घोड्यावर, तर बाकीच्यांस तितकाच वेळ स्थिर पिंपावर बसविलें. घोड्यावरील मुलांच्या दोहों बाजूंच्या स्नायूंतील विषमता कमी झाली. पिंपावरील मुलांत तसा फरक आढळला नाहीं. यावरून खरा गुण घोड्याच्या चालीचा आहे असें दिसतें.

अपंगांच्या अश्वारोहणाकडे जगाचें लक्ष वेधलें तें डेन्मार्कमधील लिस हार्टेल या बाईंमुळें. १९४४ सालीं पोलिओनें त्यांचे गुडघ्यांखालील पाय लुळे पडले. घोडीवर चढण्याउतरण्यास दुसऱ्याचें साहाय्य लागे. तरीही १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत ‘ज्युबिली’ घोडीवर बसून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. पुढें १९६९ सालीं ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत या कार्यासाठीं राष्ट्रीय संस्था निघाल्या.

हा उपचार म्हणजे जत्रेंतील घोड्यावरची फेरी नव्हे. घोडा शांत, न बुजणारा व सम पावलांचा निवडतात. एक जण लगाम धरून पुढें चालतो, दोघे दोहों बाजूंस असतात, आणि शिक्षित व्यायामोपचारतज्ज्ञ प्रत्येक हालचालीवर नजर ठेवितो. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें. ज्याचा खुबा निखळला आहे किंवा ज्याची आंकडी आटोक्यांत नाहीं, अशा मुलास डॉक्टरांच्या संमतीवांचून घोड्यावर बसवूं नये.

एक गोष्ट आईबापांस स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. या उपचारानें विकार बरा होत नाहीं. आजवरचे बहुतेक प्रयोग थोड्या मुलांवर झाले आहेत. त्यांत बसण्याच्या तोलांत व हालचालींत कांहीं सुधारणा दिसते, पण ती बेताची, व सर्वांस सारखी नव्हे. म्हणून पैसे घेऊन मूल हमखास चालतें करून देण्याचें वचन कोणी दिलें, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. आणि घोड्याच्या आशेनें रोजचा व्यायाम व शाळा सोडूं नये. मुंबईंत मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं अशा मुलांसाठीं संस्था काढून शिक्षणाची वाट मोकळी केली, व २०१६ च्या कायद्यानें त्यांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, चाकांच्या खुर्चींतील मुलाकडे लोक एरवीं वरून खालीं पाहतात. तेंच मूल घोड्यावर बसलें म्हणजे आपणांस मान वर करून त्याच्याकडे पाहावें लागतें. प्रत्येकास घोडा मिळेलच असें नाहीं. पण असें मूल आपल्या वर्गांत आलें, तर त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत थांबणें, त्यास खेळांत घेणें व बरोबरीच्या नात्यानें वागविणें, हें तर तुमच्या हातीं आहे. परमेश्वर तुम्हांस तेवढी सद्बुद्धि देवो.